जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत कशी ठरते? वय, बोअर, नोंदी आणि कायदा

जुन्या रिव्हॉल्व्हरबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर दोन प्रकारचे मेसेज हमखास येतात. पहिला म्हणजे परदेशातल्या लिलावात कोट्यवधी रुपयांना गेलेल्या एखाद्या रिव्हॉल्व्हरची बातमी. दुसरा म्हणजे त्या बातमीखाली कुणीतरी विचारलेला प्रश्न : "आमच्याकडे पण आजोबांचं एक आहे, इंग्रजांच्या काळातलं. किती येतील?"

मी मूळचा वरणगावचा, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या गावात १९६४ पासून ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, त्यामुळे 'तुला माहीत असेल' असं धरून हा प्रश्न मलाही विचारला जातो. खरं तर वरणगावच्या फॅक्टरीत रिव्हॉल्व्हर बनत नाहीत. तिथे काडतुसं बनतात, तीही मुख्यतः लष्कराच्या रायफलींची. पण गंमत अशी की जुन्या रिव्हॉल्व्हरच्या किमतीचं कोडं सोडवायला काडतुसापासूनच सुरुवात करावी लागते. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढू.

थोडक्यात उत्तर आधीच देतो. जुनं आहे म्हणून महाग, असं नसतं. किंमत चार गोष्टींवर ठरते : कोणतं काडतूस चालतं, बाजारात तसे नग किती आहेत, वस्तू मूळ अवस्थेत किती उरली आहे आणि तिची नोंद काय आहे. भारतात या चौघांच्या डोक्यावर पाचवी गोष्ट बसलेली असते, ती म्हणजे कायदा. आता एकेक पाहू.

आधी यंत्र समजून घेऊ

१८२५ मध्ये जेम्स आउट्रमने खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, तेव्हा सैनिकाच्या हातात असायची ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, एक बार काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. १८३६ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कोल्टला फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचं पेटंट मिळालं. सिलिंडरमध्ये पाच-सहा कप्पे, घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकतो आणि नवा कप्पा नळीसमोर येतो. फिरतं, म्हणजे 'रिव्हॉल्व्ह' होतं, म्हणून रिव्हॉल्व्हर.

सुरुवातीची रिव्हॉल्व्हरसुद्धा ठासणीचीच होती, प्रत्येक कप्पा वेगळा भरावा लागायचा. सिलिंडरला आरपार भोक पाडून मागून तयार काडतूस घालायची पद्धत रोलिन व्हाइट याच्या पेटंटमुळे बरीच वर्षं स्मिथ अँड वेसन कंपनीच्या ताब्यात होती. ते पेटंट १८६९ मध्ये संपलं आणि मग सगळ्यांनीच तशी रिव्हॉल्व्हर काढली. ब्रिटिश लष्कराने १८८७ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचं .४५५ बोअरचं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. त्याची शेवटची मोठी आवृत्ती 'मार्क ६' १९१५ ची. 'इंग्रजांच्या काळातलं' म्हणून आपल्याकडे जे सांगितलं जातं, ते पुष्कळदा याच घराण्यातलं असतं.

बोअर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतल्या भोकाचा व्यास, इंचात. .३२ म्हणजे साधारण ८ मिलिमीटर, .४५५ म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्याचाच आहे.

काळाप्रमाणे किंमत कशी हलते?

नवा मोबाइल घेतला की दुकानाबाहेर पडताक्षणी त्याची किंमत उतरते आणि मग उतरतच राहते. कारण पुढच्या वर्षी त्याहून चांगला मोबाइल येतो. रिव्हॉल्व्हरचं सुरुवातीला तसंच होतं : नवीन घेतलेलं वापरलेलं झालं की थोडी किंमत जाते. मग मात्र ती बराच काळ एका जागी थांबते, कारण यंत्र फारसं जुनं होत नाही. शंभर वर्षांपूर्वीची रचना आणि आजची रचना यांत मूलभूत फरक थोडाच आहे. यानंतर ती वर जाणार की पडून राहणार, हे पुरवठ्यावर ठरतं.

तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, रशियाचं नागाँ १८९५. हे लाखोंनी बनलं. सोव्हिएत संघ फुटल्यानंतर गोदामांतला साठा अमेरिकेत आला, तेव्हा २००० च्या दशकात ते तिथे शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळायचं. रचना शंभर वर्षांच्या घरातली, पण भाव हातघड्याळाचा. पुढे ती आवक आटली आणि तोच नग काही शे डॉलरला जाऊ लागला. वस्तू तीच, वय जवळपास तेच. बदलली ती फक्त आवक.

दुसरं, १८४७ चं कोल्ट वॉकर. एकूण सुमारे ११०० नगच बनले, आणि त्यातले बरेच वापरात फुटले किंवा हरवले. पेटीसकट उत्तम अवस्थेत राहिलेलं एक वॉकर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरला गेलं. मुळात कमी नग, त्यातून टिकलेले आणखी कमी.

तिसरं, कोल्ट पायथन. हे १९५५ ते २००५ या काळात बनलं. उत्पादन थांबल्यावर भाव चढत गेले, आणि २०२० मध्ये कंपनीने ते नव्याने बाजारात आणलं. आता ज्याला फक्त नेमबाजीसाठी पायथन हवं, त्याच्यापुढे नवा पर्याय आहे. ज्याला १९५५ सालचंच हवं, त्याला नव्याचा काही उपयोग नाही. म्हणजे एकाच वस्तूला दोन गिऱ्हाइकं असतात : एक वापरणारा, दुसरा जमवणारा. दोघांची किंमत वेगळी. हा फरक नीट कळला की भारतातलं गणित समजायला सोपं जातं.

भारतातलं गणित

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करणं जवळपास बंद झालं. नेमबाजीचे खेळाडू वगैरे मोजके अपवाद सोडले, तर परदेशी बनावटीची जी रिव्हॉल्व्हर परवान्यावर लोकांकडे आहेत, ती बहुतेक त्याआधीचीच. म्हणजे साठा गोठलेला. त्यात भर पडत नाही, नग फक्त कमी होत जातात.

त्यामुळे जे रिव्हॉल्व्हर अमेरिकेत 'जुनं, साधं' म्हणून काही शे डॉलरला मिळतं, तेच .३२ बोअरचं स्मिथ अँड वेसन किंवा वेब्ली इथे कायदेशीर व्यवहारात लाखांच्या घरात जातं. यात इतिहासाचं कौतुक फार नाही. घेणारा बहुतेक वेळा वापरणारा असतो. त्याला विदेशी बनावट हवी असते आणि ती दुसरीकडून मिळत नाही. ही टंचाईची किंमत आहे, पुरातत्त्वाची नाही.

तुलनेसाठी देशी बाजू पाहू. कानपूरच्या सरकारी कारखान्यांतून .३२ ची रिव्हॉल्व्हर येतात. महिलांसाठी म्हणून २०१४ मध्ये आणलेल्या हलक्या 'निर्भीक'ची किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास होती. २०२० मध्ये वेब्ली अँड स्कॉटने उत्तर प्रदेशात हरदोईला भागीदारीत उत्पादन सुरू केलं. २०२३ मध्ये कानपूरहून 'प्रबल' आलं. आता विचार करा : 'वेब्ली' हे नाव नव्या कोऱ्या, परवान्यावर मिळणाऱ्या नगावर आलं, तर निव्वळ वापरासाठी जुनं वेब्ली घेणारा जास्तीचे पैसे का मोजेल? टंचाईने चढलेली किंमत टंचाई संपली की उतरते. 'जुनी बंदूक म्हणजे सोनं' म्हणणाऱ्यांच्या हिशेबातून हा धोका सुटतो.

एकाच घरातली दोन रिव्हॉल्व्हर

समजा, एका घरात आजोबांच्या वेळची दोन रिव्हॉल्व्हर निघाली. उदाहरण काल्पनिक आहे, पण नियम खरे आहेत.

- पहिलं : वेब्ली मार्क ६, .४५५ बोअर, पहिल्या महायुद्धातलं, देखणं.
- दुसरं : .३२ बोअरचं छोटं, साधं रिव्हॉल्व्हर, १९५० च्या दशकातलं.

परदेशातल्या संग्राहकाला विचाराल तर तो पहिल्यावर झडप घालेल. इथे मात्र पारडं उलटं फिरतं. आपल्या शस्त्र नियमांत लष्करी काडतूस चालवू शकणारी रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलं वेगळ्या वर्गात टाकलेली आहेत, त्यात .३८० आणि .४५५ येतात. बोलीभाषेत याला 'प्रोहिबिटेड बोअर' म्हणतात. त्याचा परवाना जिल्हादंडाधिकारी देत नाहीत, तो केंद्र सरकारच्या हातात असतो आणि सामान्य माणसाला सहसा मिळत नाही. मग पहिल्या रिव्हॉल्व्हरला कायदेशीर गिऱ्हाईकच जवळपास उरत नाही. दुसऱ्याला मात्र गिऱ्हाइकांची रांग लागू शकते.

'मग पहिलं परदेशी लिलावात पाठवू' असं कुणी म्हणेल. तेही होत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तूत मोडते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१५ चं वेब्ली आता त्या वयाचं झालं आहे. म्हणून परदेशी लिलावाचे आकडे रुपयांत रूपांतर करून आपल्या कपाटाला लावू नका. ते दोन वेगळे बाजार आहेत आणि त्यांच्यामध्ये दार नाही.

कायद्याची एक ओळ आणि भाव

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनमध्ये ज्या जुन्या बंदुकांची काडतुसं आता मिळत नाहीत, त्या शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय ठेवता येतात. त्यासाठी कालबाह्य कॅलिबरची यादी आहे. २०२१ मध्ये सरकारने या सवलतीतून सात कॅलिबर वगळले. कारण अशी जुनी हत्यारं गुन्ह्यांत सापडत होती. त्या कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर ज्याच्या काचेच्या कपाटात होतं, त्याला अचानक परवाना घ्या, विका किंवा जमा करा, अशा पर्यायांतून निवड करावी लागली. कपाटातली वस्तू जराही बदलली नव्हती.

अमेरिकेत रेषा वर्षाची आहे. १८९८ पर्यंत बनलेली बंदूक तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात 'अँटिक' धरली जाते. त्यामुळे एकाच मॉडेलचा १८९८ चा नग आणि त्यानंतरचा नग, दिसायला जुळी भावंडं असली तरी व्यवहारात वेगळी ठरतात.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. वारशाने मिळालेल्याही यातच धरतात. ज्यांच्याकडे तिसरी होती, त्यांना ती जमा करण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली होती. संग्राहकाच्या नजरेतून बघा : ज्या देशात कमाल दोनच नग ठेवता येतात, तिथे चालू स्थितीतल्या रिव्हॉल्व्हरचा 'संग्रह' हा शब्दच फार दूर जात नाही. म्हणून भारतात खरे संग्रह दिसतात ते संग्रहालयांत आणि जुन्या संस्थानिकांच्या शस्त्रागारांत.

मग हौशी माणसाला काहीच वाट नाही का? थोडी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ सांगतं की जे हत्यार कालबाह्य रचनेचं, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त आहे, आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. 'आता चालत नाही' एवढं पुरत नाही, 'दुरुस्त करूनही चालणार नाही' असं पाहिजे. २०२० मध्ये 'क्युरिओ' वर्गातली छोटी शस्त्रं परवान्याशिवाय ठेवण्याची सवलत नियमांत आली, पण ती वापरायला, घेऊन फिरायला किंवा वाहतुकीला परवाना लागतोच. आपली वस्तू या व्याख्येत बसते की नाही, हे आपण घरी बसून ठरवायचं नाही. जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेकडून ते लेखी घ्यायचं.

नोंद : किमतीचा खरा मालक

आता माझ्या आवडीचा भाग. डेटाबेसमध्ये प्रत्येक ओळीला एक 'प्रायमरी की' असते, म्हणजे असा क्रमांक जो दुसऱ्या कुणाचाच नसतो. रिव्हॉल्व्हरवरचा सिरीयल नंबर हीच ती की. त्याच्या आधारे कारखान्याचं रजिस्टर, परवान्याचं पुस्तक, कोर्टाचं कागदपत्र आणि हातातलं लोखंड एकमेकांना जोडता येतं.

याचं आपल्या जवळचं उदाहरण इंदूरला सापडतं. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सचा वध झाला. त्या खटल्यातलं भगतसिंगांचं .३२ बोअरचं कोल्ट पिस्तूल (हे रिव्हॉल्व्हर नव्हे, ऑटोमॅटिक) नंतर फिरत फिरत इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रातल्या संग्रहालयात आलं. तिथे ते इतर पिस्तुलांमध्ये एक म्हणून मांडलेलं होतं, गंजू नये म्हणून काळा रंग दिलेलं. रंगाचा थर काढल्यावर नंबर दिसला : १६८८९६. जुन्या कागदपत्रांतला नंबर तोच. २०१७ मध्ये ते पंजाबात हुसैनीवालाला नेलं गेलं. रंगाखाली नंबर नसता, किंवा कागद हरवला असता, तर ते आजही 'एक जुनं कोल्ट' एवढंच राहिलं असतं. अशा वस्तूला बाजारभाव नसतो आणि नसावाही. पण नोंद म्हणजे काय, हे यापेक्षा चांगलं दुसरं काही सांगत नाही.

बाजारातही तेच दिसतं. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिलावात एक कोल्ट रिव्हॉल्व्हर ६० लाख डॉलरच्या वर गेलं. मॉडेल अगदी नेहमीचं, त्या काळात सर्रास मिळणारं. पण शेरीफ पॅट गॅरेटने कुख्यात बिली द किडला याच रिव्हॉल्व्हरने मारलं, हे कागदांनिशी दाखवता येत होतं. २०१९ मध्ये पॅरिसला एक पूर्ण गंजलेलं रिव्हॉल्व्हर १ लाख ६२ हजार ५०० युरोला गेलं. चित्रकार व्हॅन गॉगने ज्याने स्वतःला गोळी मारली ते हेच असावं, असं मानलं जातं. 'असावं' हा शब्द लक्षात घ्या. पुरावा पक्का नाही, तरी एवढी किंमत. लोखंडाची किंमत शून्य धरली, तरी गोष्टीची उरते.

भारतात शस्त्र परवान्यांचा राष्ट्रीय डेटाबेस आहे आणि प्रत्येक परवानाधारकाला त्यात एक युनिक क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसलेला जुना हस्तलिखित परवाना आता वैध धरला जात नाही. कितीतरी घरांत आजोबांचं परवाना-पुस्तक 'आहे कुठेतरी' या अवस्थेत असतं. खरं सांगायचं तर त्या पुस्तकाशिवाय आतल्या रिव्हॉल्व्हरची कायदेशीर किंमत शून्याच्याही खाली असते. कारण मग ती मालमत्ता राहत नाही, गुन्हा होतो.

गावठी कट्ट्याबद्दल तर बोलायलाच नको. त्याला ना कारखाना, ना नंबर, ना नोंद. तो कितीही जुना असला तरी 'व्हिंटेज' होत नाही.

हौसेने केलेलं नुकसान

परवान्याची बाजू चोख असली तरी घरचेच लोक प्रेमाने किंमत घालवतात. नेहमीचे प्रकार असे :

- दिवाळीच्या साफसफाईत ब्रासोने घासून चकचकीत करणं. मूळ निळसर-काळा थर एकदा गेला की परत येत नाही.
- निकेल किंवा क्रोमचा मुलामा देणं. नवीन दिसतं, पण संग्राहकाला नवीन नको असतं.
- तडा गेलेली मूठ फेकून नवी बसवणं. जुनी मूठ निदान डबीत तरी ठेवा.
- नंबरावर घासकाम होऊ देणं. ओळखखूण पुसणं हा स्वतंत्र गुन्हाही आहे.
- पेटी, पावती, जुनी पत्रं रद्दीत देणं.

अट एवढीच : गंज वाढू द्यायचा नाही, पण वयाचे डागही काढायचे नाहीत. आणि कोणतंही काम परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडेच.

घरात जुनं रिव्हॉल्व्हर निघालं तर

हा भाग किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे.

१. हात लावून 'चालतं का' बघू नका. भरलेलं आहे असंच समजा, मुलांना दूर ठेवा.

२. परवाना कुणाच्या नावावर आहे, त्याची मुदत आहे का, ते शोधा. परवानाधारक वारले असतील किंवा मुदत संपली असेल, तर हत्यार वेळ न घालवता पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. स्वतः घेऊन निघण्यापूर्वी ठाण्यात कळवा आणि ते सांगतील तसं करा. जमा केल्याची पावती घ्या. जमा केलं म्हणजे गेलं, असं नाही. वारसाला परवाना मिळाला की ते परत घेता येतं.

३. वारसाला अर्ज करता येतो. परवानाधारक हयात असतील तर त्यांनी वयाची सत्तरी गाठल्यावर, किंवा ते हत्यार पंचवीस वर्षं बाळगून झाल्यावर, वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. म्हणजे हे काम आजोबा असतानाच उरकता येतं.

४. विकायचं असेल तर परवानाधारक व्यक्तीला किंवा विक्रेत्यालाच, आणि नोंदीसकट. परवान्याशिवाय बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षं कैद होऊ शकते. प्रतिबंधित शस्त्र असेल तर सात ते चौदा वर्षं.

५. सिरीयल नंबर, परवान्याची पानं, जुन्या पावत्या यांचे फोटो काढून नीट जपा. हे फोटो सोशल मीडियावर मात्र टाकू नका.

मग किती येतील?

प्रामाणिक उत्तर असं की बोअर .३२ सारखं परवान्यात बसणारं असेल, नंबर आणि कागद जुळत असतील आणि मूळ रूप शाबूत असेल, तर आजच्या टंचाईत चांगली किंमत येते. यातलं एक जरी निसटलं तरी आकडा झपाट्याने खाली येतो, आणि कागद निसटला तर आकड्याचा प्रश्नच उरत नाही. गुंतवणूक म्हणून मी कुणालाही हा मार्ग सुचवणार नाही. ज्या वस्तूचं गिऱ्हाईक, संख्या आणि निर्यात हे तिन्ही सरकारी अधिसूचनेवर अवलंबून आहेत, तिच्यात पैसे अडकवण्यापेक्षा पोस्टाची योजना बरी.

पण विकायचं नसेल तरी एक काम करता येतं, आणि ते फुकट आहे. ते रिव्हॉल्व्हर कुणी घेतलं, कोणत्या साली, कशासाठी, कुणाकडून, हे घरातल्या जाणत्या माणसाकडून विचारून एका कागदावर लिहून ठेवा, खाली तारीख टाका आणि परवान्याच्या पुस्तकात घडी करून ठेवून द्या. लोखंड आणखी शंभर वर्षं टिकेल. सांगणारा माणूस तेवढा टिकत नाही.